आपल्या गल्लीतलं काम दुसऱ्या गल्लीला उचलता येईल असं कसं सांगायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतोय मी, सतरा वर्षं झाली. आमच्याकडं पार्टी ड्रॉइंग पाठवते तेव्हा सोबत जॉबचा फोटो कितीही झकास असू दे, माप नसलं तर मशीनला हात लावता येत नाही. व्यास किती, लांबी किती, मटेरिअल कुठलं, अधिक-उणे किती चालेल, एवढं लिहिलेलं असलं की इथं निघणारा जॉब पुण्यात पण तस्साच निघतो. गल्लीतलं नाहीतर गावातलं चांगलं काम लोकांना सांगायचं तर ते पण असंच सांगायला पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय. बघणाऱ्यानं वा म्हणावं म्हणून सांगायचं नाही, बघणाऱ्याला उद्या सकाळी आपल्या दारात तेच करता यावं म्हणून सांगायचं. मग ते कचऱ्याचं असू दे, पुराचं, नदीचं, शेतातल्या पाल्याचं नाहीतर शाळा सुटलेल्या पोरांचं.

आधी आमचं काम सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. आमची गल्ली नदीच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, आणि आमच्यातली निम्मी घरं गळ्याएवढ्या पाण्यात होती. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे दोन आकडे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ आहेत, खरं माझ्या घरात पाणी नक्की कितव्या फुटाला येतं हे कुणाला सांगता येत नव्हतं. कोपऱ्यावरच्या आक्कांच्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा वरच्या टोकाला लोक निवांत चहा पीत असतात. प्रत्येक जण अंदाजानं सामान हलवणार, कोण दोन दिवस आधीच सगळं काढणार तर कोण रात्री दोन वाजता अंधारात म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर पडणार. म्हणून पाणी ओसरल्यावर, भिंतीवरचे डाग पुसायच्या आत, आम्ही चौघांनी प्रत्येक उंबऱ्याचा आकडा काढला. गल्लीच्या तोंडाला, तालमीच्या भिंतीवर आणि दोन लाइटच्या खांबांवर फुटाफुटाच्या खुणा रंगवल्या. जुलै २०२१ ला परत पाणी आलं, ते पण ५५ च्या पुढं गेलं, त्या वेळी ज्यांचा आकडा ४५ होता त्यांनी बंधारा ४२ वर असतानाच फ्रीज आणि धान्य वर चढवलं होतं. भांडीकुंडी वाचली, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे कुणाला अंधारात बाहेर पडायला लागलं नाही.

आता सांगायच्या भागाकडं येतो. पहिल्यांदा मी काय केलं तर रंगवलेल्या खांबाचा फोटो काढला आणि चार ग्रुपवर टाकला. अंगठे आले, नाद खुळा आलं, भावा लय भारी आलं, आणि बस्स. एकाही गल्लीनं खुणा रंगवल्या नाहीत. पंधरा दिवसांनी प्रयाग चिखलीच्या बाजूच्या एका पाहुण्यांचा फोन आला, त्यांनी तीनच प्रश्न विचारले: शून्य कुठनं धरला, बंधाऱ्याची पातळी आणि आमच्या भिंतीवरचा डाग यांचा मेळ कसा घातला, आणि हे चुकलं तर किती चुकतं. तिन्हीची उत्तरं माझ्याकडं होती, फोटोत एकही नव्हतं. माप न लिहिलेलं ड्रॉइंग पाठवलं होतं मी. त्या रात्री बसून परत सगळं लिहिलं, एका पानात, आणि ते पान वाचून त्यांच्या वाडीत दोन रविवारात काम झालं. मी तिथं गेलोही नव्हतो.

ते पान साधारण असं होतं, तसंच्या तसं देतो, तुमच्या कामाला जसं बसेल तसं बदलून घ्या.

"काय केलं: गल्लीतल्या ३१ घरांच्या उंबऱ्यांना राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचा आकडा दिला. का केलं: धोका पातळी ४३ आहे, खरं प्रत्येक घराचा धोका वेगळ्या फुटाला सुरू होतो. काय लागलं: टेप, गवंड्याची लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला राहतं), ऑइल पेंटचा एक डबा, दोन ब्रश, एक वही. खर्च ६४० रुपये, चौघांनी वाटून घातला, ट्यूब एका दिवसासाठी मागून आणली. वेळ: चार माणसं, दोन रविवार. कसं केलं: पुराचा सगळ्यात वरचा डाग शोधला, तो डाग म्हणजे त्या पुरात बंधाऱ्यावर नोंदलेली सगळ्यात जास्त पातळी असं धरलं. समजा ती पातळी ५५ फूट, आणि डाग उंबऱ्याच्या ६ फूट वर, तर त्या उंबऱ्याचा आकडा ४९. जिथं डाग पुसला होता तिथं शेजारच्या डागावरनं लेव्हल ट्यूबनं रेघ पुढं नेली. किती खरं: अधिक-उणे अर्धा फूट धरा, कारण बंधारा आणि आमची गल्ली यांच्यात नदीचा उतार प्रत्येक पुरात सारखा नसतो, आणि नाल्याचं पाणी तुंबलं तर नदीच्या आधीच आत येतं. काय जमलं नाही: मागच्या बोळातली पाच घरं नाल्याच्या पाण्यानं बुडतात, त्यांना हा आकडा लावू नका. कुणी सांगितलं: १९८९ आणि २००५ चं पाणी कुठवर आलं होतं ते गल्लीतल्या दोन आक्कांनी दाखवलं."

यातल्या दोन ओळी लोक गाळतात, 'किती खरं' आणि 'काय जमलं नाही'. त्यांना वाटतं की कमीपणा येतो. खरं दुसऱ्या गावातला माणूस त्याच दोन ओळी वाचून विश्वास ठेवतो, कारण त्याला कळतं की हे खरंच हातानं केलेलं आहे. आणि पुराच्या बाबतीत तर ती ओळ नसली तर कुणीतरी आकड्यावर भरवसा ठेवून घरात थांबेल. मागच्या बोळातल्या पाच घरांची ओळ मी पहिल्या फोटोत लिहिली नव्हती याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून कुणी तुम्हाला म्हटलं की नकारात्मक कशाला लिहितोस, तर ऐकू नका.

नावांचं पण सांगतो, यात आमच्याकडनं चूक झालेली आहे. आमच्या वहीत घरमालकाचं नाव आणि समोर आकडा असा तक्ता होता, आणि त्या तक्त्याचा फोटो कुणीतरी पुढं पाठवला. दोन महिन्यांनी गल्लीतल्या एकाचं घर विकायचा व्यवहार चालला होता, घेणाऱ्यानं तो फोटो दाखवून भाव पाडला. आमच्या चांगल्या कामाचा फटका शेजाऱ्याला बसला. तेव्हापासनं बाहेर जाणाऱ्या कागदावर नावं नाहीत, घर नंबर पण नाहीत, नुसतं क १, क २ असं लिहितो आणि नावांची वही तालमीच्या कपाटात असते. तुमचं काम आजारपणाचं, दारूचं, कर्जाचं, बायकांच्या अडचणींचं असलं तर हे दसपट सांभाळा. फोटोचं पण तसंच, पुरात शाळेत आसऱ्याला आलेल्या बाईचा, ताट हातात घेतलेला फोटो टाकायचा नाही म्हणजे नाही, तिनं हो म्हटलं तरी आठवड्यानं परत विचारा, कारण त्या घडीला माणूस कशालाही हो म्हणतो. पोरांचे चेहरे घेऊच नका. कचरा वेचणाऱ्या मावशी तुमच्या कामात असतील तर त्यांचं नाव कसं लिहायचं, लिहायचं का नाही, हे त्यांनाच विचारा. बऱ्याच वेळा त्यांना नाव यायलाच पाहिजे असतं, आपणच 'कामगार महिला' म्हणून मोकळे होतो.

फोटो काढायचाच तर कामाचा काढा, सत्काराचा नको. आधीचा आणि नंतरचा एकाच जागेवर उभं राहून, एकाच उंचीवरनं, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी. फ्रेममध्ये टेप, पट्टी, काहीच नसलं तर एक वीट ठेवा म्हणजे आकार कळतो. आणि मजकूर फोटोवर चिकटवू नका, वेगळा टाइप करा, साध्या युनिकोड मराठीत. फोटोवरचा मजकूर शोधला तर सहज सापडत नाही, कॉपी करायला खटपट लागते, आणि डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याला फोन तो नीट वाचून दाखवेलच असं नाही. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे किंवा वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच पान स्वतःच्या आवाजात वाचून दीड-दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा, आमच्या बाजूला पानापेक्षा व्हॉइस मेसेज जास्त फिरला.

आधी कुणाला सांगायचं? ज्यांच्या दारात काम झालंय त्यांना. आमच्या पेठांमध्ये प्रत्येक तालमीबाहेर फलक असतो, खडूनं लिहिलेला, निधनाच्या बातमीपासनं फुटबॉल मॅचपर्यंत सगळं त्यावर असतं. आम्ही ते पान आधी आठ दिवस त्या फलकाशेजारी लावलं, खाली पेन बांधून ठेवला आणि लिहिलं की चूक दिसली तर इथंच खोडा. तीन घरांचे आकडे चुकलेले निघाले, एकानं तर पायरी नंतर उंच केली होती. घरातल्या माणसांनी तपासलेला कागदच बाहेर जायला पाहिजे. गावात असाल तर ग्रामसभा आहे, बहुतेक गावांत १ मे, २ ऑक्टोबर अशा दिवशी ती होते, खरं विषय आधी अर्ज देऊन विषयपत्रिकेवर घालून घ्या, ऐनवेळच्या विषयात ठेवला तर तोवर निम्मे लोक उठलेले असतात. तिथं भाषण करू नका, दहा मिनिटात पान वाचा, वस्तू दाखवा आणि एकच मागणं मागा. आम्ही मागितलं असतं तर काय, तर रंग आणि चार खांब, एवढंच.

सगळीच कामं कागदानं सांगता येत नाहीत हे पण कबूल करायला पाहिजे. माझ्या मेव्हण्याची करवीर तालुक्यात ऊसशेती आहे, तो गेली पाच वर्षं खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यातनं फुटणाऱ्या उसात) पाला पेटवत नाही. तोडणी झाली की पाला एकाआड एक सरीत दाबतो, आणि पाल्याच्या टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाला कुजवणारं जिवाणू कल्चर टाकतो, ही कृषी विद्यापीठाची शिफारसच आहे, त्याच्या मनचं काही नाही. धूर नाही, जमिनीतले जीव जगतात, ओल टिकते, तण कमी येतं. त्यानं हे किती जणांना सांगितलं असेल, सगळे मान हलवायचे आणि फेब्रुवारीत परत काडी लावायचे. मग त्यानं रस्त्याकडेच्या अर्ध्या एकरात शेजाऱ्याला म्हटलं तुझा भाग पेटव, माझा मी ठेवतो, आणि मे महिन्यात दोघांच्या बांधावर शिवारफेरी ठेवली, चहा आणि भडंग. लोकांनी पाला उचलून खालची माती हातात घेतली, एकीकडं गार आणि ओली, दुसरीकडं कोरडी ठणठणीत. त्या दिवशी त्याला एक वाक्य बोलायला लागलं नाही. पुढच्या हंगामात पाच जणांनी एकेक सरी करून बघितली. सगळा प्लॉट करा असं तो कुणाला म्हणालाच नाही, एक सरी करा म्हणाला, आणि हे मला फार पटलं, दुसऱ्यानं उचलायचं तर पहिला तुकडा छोटा पाहिजे, फसला तरी घर बसणार नाही एवढा.

वेळ पण बघा. पुराच्या खुणांचं मी डिसेंबरात सांगितलं तर कुणाला काय पडलंय, मेच्या शेवटी सांगितलं की लोक ब्रश घेऊन उभे राहतात. निर्माल्याच्या खताचं गणपतीच्या महिनाभर आधी, पाल्याचं गळीत हंगाम सुरू होताना.

निर्माल्याचं निघालंच आहे तर तेवढं सांगतो, कारण ते बऱ्याच मंडळांना करायचं असतं आणि पहिल्याच वर्षी वासामुळं बंद पडतं. दोरे, प्लॅस्टिक, थर्माकोल, कापूस आधी वेगळा करा, यालाच सगळ्यात जास्त माणसं लागतात, संध्याकाळी पोरांना बसवा. हार कापून बारीक करा, एक घमेलं फुलं तर दोन-तीन घमेली सुका पाला, असा थर द्या. मुठीत दाबल्यावर हात ओला झाला पाहिजे, पाणी गळायला नको. वास आला म्हणजे पाणी जास्त झालंय आणि हवा कमी पडतीय, सुका पाला घाला आणि खालवर करा. आमचा पहिला ढीग असाच वास मारायला लागला, शेजारच्या काकूंनी बरोबरच आवाज चढवला, आणि आम्ही ते पानावर लिहिलं: कितव्या दिवशी वास आला, काय केलं, कितव्या दिवशी गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन मंडळांनी सुरू केलं त्यांनी सांगितलं की तीच ओळ त्यांना उपयोगी पडली.

मात्र या कामाबद्दल लिहिताना पंचगंगा वाचवली असलं काही लिहू नका. नदीचं खरं दुखणं जयंती नाल्यासारख्या नाल्यांतनं येणारं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, आणि त्यावर पोसलेलं केंदाळ (जलपर्णी), हे आहे. आपण इतके किलो निर्माल्य पाण्यात जाऊ दिलं नाही, भाजीवाल्याच्या काट्यावर मोजलं, एवढं लिहा. तो आकडा खरा असतो आणि त्यावर कुणाला बोट ठेवता येत नाही. मोठं वाक्य लिहिलं की लोक मोठ्या वाक्यावर भांडतात आणि काम बाजूला राहतं, वर ज्यांनी सांडपाण्याचं बघायचं ते म्हणणार की लोकांनीच नदी स्वच्छ केली की.

पैशाचं उघड ठेवा. दहा रुपये जरी कुणाकडनं घेतले तरी वहीत नाव आणि फलकावर हिशोब, दर महिन्याला, शिल्लक शून्य असली तरी शून्य लिहायचं. स्वतःच्या खात्यावर वर्गणी घ्यायची वेळ आलीच तर दुसऱ्या एकाला रोज खातं दाखवत जा. आपला स्वतःचा वेळ पण खर्चात लिहा, चार माणसं दोन रविवार, कारण समोरच्याला तेच आधी जमवायला लागणार असतं.

लिहिलेलं पान टिकेल असं ठेवा. व्हॉट्सअॅपवर टाकलेलं दहा दिवसात वर निघून जातं, बॅकअप नसताना फोन बदलला की गेलंच. त्याची पीडीएफ करून ड्राइव्हवर ठेवा, लिंक सगळ्यांना उघडेल अशी सेटिंग करा, ते राहतंय बऱ्याच जणांचं. इंटरनेट अर्काइव्हवर पण फुकट ठेवता येतं. खाली क्रिएटिव्ह कॉमन्सचं 'CC BY' लायसन लिहा, म्हणजे कुणी विचारल्याशिवाय छापू शकतं, बदलू शकतं, फक्त मूळ कुणाचं ते सांगायचं. नकाशाचं काम असेल, विहिरी, नाल्यांची तोंडं, पाणी तुंबायच्या जागा, तर ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येईल असा खुला नकाशा) मराठी नावानं घालता येतं. आणि प्रत्येक पानावर तारीख. आमच्या पानावर आता लिहिलंय 'सुधारित, ऑगस्ट २०२१', कारण दुसऱ्या पुरात चार उंबऱ्यांचा आकडा सात-आठ इंचांनी सरकला. जुनं पान पण काढून टाकलं नाही, दोन्ही शेजारी ठेवलीत, फरक कुठं पडला ते बघणाऱ्याला दिसू दे.

चूक काढणारा माणूस आला तर त्याला आधी चहा पाजा. आमच्याकडं पाटबंधाऱ्यातनं रिटायर झालेले एक मामा आले, कडक बोलले, म्हणाले अर्ध्या फुटाचा फरक तुम्ही कशावरनं धरला. मग त्यांनीच बसून सांगितलं की राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात आहेत, एकेका दारातनं १४२८ क्युसेक म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी येतं, दारं उघडल्यावर ते इथं पोचायला वेळ लागतो, तेव्हा नुसती पातळी बघू नका, पातळी तासाला किती वाढतीय ते पण फलकावर लिहा. ते आम्ही लिहायला लागलो, शाळेतली दोन पोरं पावसाळ्यात दर तीन तासांनी खडूनं पातळी लिहितात, मागची, आत्ताची आणि मधला फरक. गल्लीतल्या म्हशीवाल्यांना त्या फरकाच्या आकड्याचाच जास्त उपयोग होतो, कारण जनावरं हलवायला माणसापेक्षा वेळ लागतो.

आणि कुणी तुमचं काम उचललं की विचारत राहा, त्यांनी काय बदललं. चिखलीकडच्या पाहुण्यांनी ऑइल पेंटच्या जागी खांबाला पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, रंग दोन पावसाळ्यात जातो म्हणून, आणि अंधारात बॅटरी मारली की दिसावं म्हणून त्यावर गाडीच्या रिफ्लेक्टरची टेप चिकटवली. आम्हाला सुचलं नव्हतं ते. या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या खांबांवर पण तेच करणार आहोत, पत्रा मी वर्कशॉपमधनं कापून आणतोय, होल पाडून. लेव्हल ट्यूब कशी धरायची ते ज्यांना बघायचंय त्यांनी सकाळी सातला तालमीजवळ यायचं, ट्यूबमध्ये बुडबुडा राहिला तर रेघ चुकते तेवढं आधी बघून घ्यायला लागतं, आणि दोन टोकांना दोन माणसं लागतातच.